विश्लेषण : गेममधल्या ‘बग’ने खेळाडूचे नुकसान झाले, तर भरपाई कोण देणार?

कित्येक महिने खपून वाढवलेले पात्र सर्व्हर अडखळल्यामुळे क्षणात मेले. पैसे मोजून घेतलेली वस्तू अपडेटनंतर गायब झाली. यूपीआयने रक्कम कापली गेली, पण गेममधले चलन खात्यात आलेच नाही... ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या या तक्रारी आता नेहमीच्या झाल्या आहेत. कंपन्या कधी सगळे जसेच्या तसे परत करतात, कधी चार रत्ने हातावर ठेवतात, तर कधी नियमावलीकडे बोट दाखवून मोकळ्या होतात. हे कशावर ठरते आणि खेळाडूच्या हाती नेमका कोणता हक्क असतो?

‘मेलेल्या’ पात्रांना जीवदान का मिळाले?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या जुन्या, लोकप्रिय गेमची ‘क्लासिक हार्डकोर’ ही आवृत्ती ऑगस्ट २०२३ मध्ये अधिकृतपणे सुरू झाली. तिचा नियम साधा आहे. पात्र एकदा मेले की मेले. साठाव्या लेव्हलपर्यंत पोहोचायला अनेक आठवडे, कुणाला महिने लागतात आणि वाटेत एक चूक झाली तरी सारी मेहनत मातीमोल होते. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने सुरुवातीलाच बजावले होते, की मरण इंटरनेट तुटल्याने येवो, सर्व्हर मंदावल्याने येवो की बगमुळे, पात्र परत मिळणार नाही. खेळाडूंनी हे मान्य केले होते. किंबहुना ती धास्ती अनुभवण्यासाठीच अनेकजण तिथे गेले होते.

मार्च २०२५ मध्ये या नियमाची परीक्षा झाली. ‘ओन्लीफँग्ज’ हा नामवंत स्ट्रीमर मंडळींचा गट मोठ्या मोहिमेवर असतानाच सर्व्हरवर ‘डीडॉस’ हल्ले झाले. असंख्य यंत्रांवरून एकाच वेळी बनावट विनंत्यांचा मारा करून सर्व्हर गुदमरवून टाकणे म्हणजे डीडॉस. खेळाडूंची जोडणी तुटली, पण गेममधले शत्रू काही थांबले नाहीत. एकामागून एक पात्रे मेली, तीही थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या हजारो प्रेक्षकांसमोर. गटाने गाशा गुंडाळण्याचे जाहीर केले. त्यानंतर ब्लिझार्डने स्वतःचाच नियम वाकवला. डीडॉससारख्या, खेळाच्या मूळ हेतूलाच धक्का देणाऱ्या सामूहिक घटनेत मेलेली पात्रे जिवंत करू, असे कंपनीने सांगितले. मात्र कोणती घटना अशी मानायची, हे सर्वस्वी कंपनी ठरवणार.

या निर्णयाचे स्वागत झाले, तसा एक अवघड प्रश्नही उभा राहिला. हल्ला बाहेरच्याने केला होता, कंपनीने नव्हे. तरी तिथे जीवदान मिळाले. आणि कंपनीच्या स्वतःच्या कोडमधल्या चुकीने एखादा एकटा खेळाडू मध्यरात्री मेला, तर त्याच्यासाठी जुना नियम कायम. सामान्य व्यवहारात हे नेमके उलटे असायला हवे. आपल्या चुकीची भरपाई आधी, दुसऱ्याच्या चुकीची नंतर. पण गेमच्या जगात भरपाईचा निकष ‘चूक कोणाची’ हा सहसा नसतो. किती जणांना फटका बसला, तो किती जणांनी पाहिला आणि परत दिल्याने बाकीच्यांचे काय बिघडते, यावर ते ठरते.

नुकसान झाले, हे ठरवते कोण?

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा गेम ही केवळ खिडकी असते. पात्राकडे किती सोने आहे, गोळी लागली की नाही, पेटीतून काय निघाले याचा खरा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. ग्राहकाच्या हातातल्या पासबुकापेक्षा बँकेतली खातेवही खरी, तसेच हे. नेट मंद असले की दोन्हींत तफावत पडते. पडद्यावर खेळाडू भिंतीआड पोहोचलेला असतो, सर्व्हरच्या लेखी तो अजून उघड्यावर उभा असतो आणि तिथेच गोळी खातो.

तक्रार आली की कंपनीचे कर्मचारी सर्व्हरवरच्या नोंदी म्हणजे ‘लॉग’ तपासतात. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा २००३ पासून चालू असलेला अंतराळ गेम या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. बगमुळे जहाज गमावल्याचा अर्ज खेळाडूने करायचा, ‘गेम मास्टर’ने लॉग पाहायचे आणि त्यात बिघाड दिसला तर जहाज परत द्यायचे. दिसला नाही तर नकार. ‘लॉगमध्ये काहीच दिसत नाही’ हे वाक्य त्या खेळाडूंमध्ये इतके रुळले, की त्याचा विनोद झाला.

विनोद बाजूला ठेवला तर अडचण खरी आहे. बग जर नोंद करणाऱ्या यंत्रणेतच असेल, तर लॉग कोराच राहणार. शिवाय ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच दप्तरात एकमेव पुरावा आणि निवाडाही त्याचाच. कंपन्यांची बाजू अशी, की खोटे अर्ज करणारेही कमी नसतात. आपल्या चुकीने गमावलेले जहाज बगच्या नावावर खपवण्याचा मोह कोणाला होणार नाही?

‘ईव्ह’मध्ये तर दाव्यावर लावलेली रक्कम थक्क करणारी असते. तिथे खऱ्या पैशाने खेळण्याची मुदत विकत घेऊन ती गेममध्ये तिथल्या चलनात विकता येते. त्यामुळे प्रत्येक जहाजाची डॉलरमधली किंमत काढता येते. जानेवारी २०१४ मधल्या ‘बी-आर५आरबी’ या लढाईत ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली आणि एकूण नुकसान ३ लाख डॉलरच्या घरात गेले. डिसेंबर २०२० अखेरच्या ‘एम२-एक्सएफई’ लढाईने तो विक्रम मोडला. गिनेसच्या नोंदीनुसार त्यात २५७ टायटन गेली आणि नुकसान ३ लाख ७८ हजार डॉलरचे होते. काही दिवसांतच त्याच ठिकाणी दुसरी चकमक झाली तेव्हा हजारो खेळाडूंच्या गर्दीपुढे सर्व्हरने मान टाकली. अनेकांना पडद्यावर काही दिसण्यापूर्वीच त्यांची जहाजे गेली.

अशा महालढायांत सर्व्हरवरच्या ताणामुळे झालेले नुकसान भरून द्यायचे नाही, हे सीसीपीचे जुने धोरण आहे. गर्दी वाढली की गेमचे घड्याळच हळू करण्याची, अगदी दहा टक्के वेगावर आणण्याची सोय कंपनीने केली आहे. त्यापुढची जबाबदारी खेळाडूची. हे कठोर वाटते. पण एका बाजूची जहाजे परत दिली, तर ती पाडणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या विजयाचे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

घड्याळ मागे फिरवले तर?

एकेकाचे नुकसान तपासण्यापेक्षा सगळ्यांनाच बिघाडापूर्वीच्या क्षणी नेऊन ठेवायचे, याला ‘रोलबॅक’ म्हणतात. २८ जानेवारी २०२० रोजी ‘डेस्टिनी २’च्या अपडेटनंतर खेळाडूंनी साठवलेले चलन आणि साहित्य गायब होऊ लागले. बंजी कंपनीने गेम बंद केला आणि सर्वांची खाती त्या दिवशी सकाळी साडेआठच्या स्थितीला आणली. दोनच आठवड्यांनी, ११ फेब्रुवारीला, तोच बग परत आला आणि कंपनीला तोच उपाय पुन्हा करावा लागला.

रोलबॅकमध्ये कुणाची बाजू घेतली जात नाही, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. त्या मधल्या वेळात एखाद्याला दुर्मीळ बंदूक मिळाली असेल, तर तीही जाते. त्याने कोणतीही लबाडी केलेली नसते. म्हणून जितका उशीर होईल तितका हा उपाय महाग पडतो. बिघाड तासाभरात कळला तर घड्याळ मागे नेता येते. चार दिवसांनी कळला तर लाखो लोकांचे चार दिवस पुसावे लागतात.

‘डायब्लो ३’मध्ये हाच पेच आला होता. त्या गेममध्ये खऱ्या पैशांत वस्तू आणि सोने विकण्याची लिलावपेठ होती. मे २०१३ मधल्या अपडेटमध्ये तिथे एका वेळी विकायच्या सोन्याचा गठ्ठा दहा लाखांवरून एक कोटीपर्यंत वाढवला गेला. बदल किरकोळ दिसत होता. पण संगणकातल्या ठरावीक लांबीच्या आकड्याला मर्यादा असते. इथे ती सुमारे २१४ कोटींची होती. जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा काटा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसेच इथे घडले. प्रचंड सोने लिलावात लावले की खात्यातून भलताच, कमी आकडा वजा व्हायचा. लिलाव रद्द केला की मात्र पूर्ण सोने परत. थोडक्यात, हवेतून सोने निर्माण करण्याचा कारखाना सापडला.

ब्लिझार्डने लिलावपेठ बंद केली, पण रोलबॅक केला नाही. लबाडी करणारे थोडे होते आणि प्रामाणिक खेळाडूंची प्रगती पुसली जाणार होती. लबाडांची खाती गोठवली गेली, सोने शोधून काढले गेले आणि त्यांच्या लिलावांतून आलेली रक्कम मुलांच्या रुग्णालयांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेला देण्याचे कंपनीने जाहीर केले. दानधर्म उत्तमच, पण या प्रकारात गरिबाचे नुकसान कसे होते ते पाहण्यासारखे आहे. ज्याने महिनाभर खेळून सोने साठवले, त्याच्या खात्यातून एक नाणेही हलले नाही. तरी बाजारात फुकटच्या सोन्याचा पूर आला की त्याच्या साठ्याची किंमत घसरते. असे नुकसान कोणत्याच लॉगमध्ये दिसत नाही आणि त्यासाठी कोणी अर्जही करत नाही. ती लिलावपेठ कंपनीने मार्च २०१४ मध्ये कायमची बंद केली.

‘माफीची रत्ने’ ही काय भानगड?

मोबाइल गेम खेळणाऱ्यांना हा प्रकार सर्वांत परिचयाचा. अपडेटसाठी सर्व्हर बंद राहिला किंवा बग निघाला, की दुसऱ्या दिवशी गेममधल्या टपालपेटीत भेट येऊन पडते. जपानमध्ये ‘पझल अँड ड्रॅगन्स’ या गेमच्या काळात यासाठी ‘माफीचे दगड’ अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला, कारण त्या गेमचे चलन म्हणजे जादूचे दगड होते. तिथले काही खेळाडू बगची वाटच पाहतात, असे गमतीने म्हटले जाते.

चिनी कंपनी होयोव्हर्सच्या ‘गेनशिन इम्पॅक्ट’ने याचा दरच ठरवून टाकला आहे. सर्व्हर बंद असलेल्या दर तासाला ६० ‘प्रायमोजेम’. मोठ्या अपडेटचे पाच तास धरले तर ३००, आणि बग दुरुस्तीबद्दल सहसा आणखी ३००. एका सोडतीला १६० प्रायमोजेम लागतात. म्हणजे पाच तासांच्या भरपाईत दोन सोडतीही पुऱ्या होत नाहीत. रक्कम सगळ्यांना सारखीच मिळते. ज्याचे नुकसान झाले त्यालाही आणि त्या वेळी जो गाढ झोपला होता त्यालाही.

कंपनीला ही भरपाई जवळजवळ फुकट पडते. रत्ने तिच्याच टांकसाळीत पडतात. तरी तिला नुसती धूळफेक म्हणता येणार नाही. दर जाहीर असतो, अर्ज लागत नाही, वाद उरत नाही. लाखो छोट्या गैरसोयींसाठी याहून सुटसुटीत पद्धत सुचवणे कठीण आहे. मोठे वैयक्तिक नुकसान मात्र त्या सरसकट भेटीखाली झाकले जाते.

मासिक वर्गणीवर चालणाऱ्या गेममध्ये दिवस वाढवून देण्याची पद्धत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘फायनल फँटसी १४’चा नवा भाग आला तेव्हा लॉगिनसाठी तासन् तास रांगा लागल्या आणि रांगेतून मध्येच बाहेर फेकले जाण्याचे प्रकार झाले. स्क्वेअर एनिक्सने आधी ७ आणि नंतर १४ असे २१ दिवस मोफत दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही आठवडे नव्या ग्राहकांना गेम विकणेच थांबवले. दुकानात गर्दी मावत नाही म्हणून दुकानदाराने शटर ओढून घ्यावे, असे क्वचितच दिसते.

भेट स्वीकारण्यापूर्वी अटी वाचायला हव्यात, याचे उदाहरण २०१४ चे आहे. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ इतक्या बगांसह बाजारात आला, की पात्रांचे चेहरेच गायब झालेली चित्रे जगभर फिरली. युबिसॉफ्टने माफी मागितली, पुढचा भाग सर्वांना मोफत दिला आणि ‘सीझन पास’ आधीच घेतलेल्यांना एक पूर्ण गेम देऊ केला. त्या मोफत गेमच्या अटींत या प्रकरणी कंपनीवर दावा करण्याचा हक्क सोडल्याचे कलम होते.

नुकसान गेमच्या बाहेर झाले तर?

मघाच्या ‘ईव्ह’चाच एक किस्सा आहे. डिसेंबर २००७ मधल्या अपडेटला स्वतःच्या फोल्डरमधली ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची जुनी फाइल काढून टाकायची होती. दुर्दैवाने विंडोज एक्सपीमध्येही सी ड्राइव्हवर याच नावाची फाइल असे आणि संगणक सुरू होताना ती वाचली जाई. अपडेटने पत्ता चुकवला आणि विंडोजची फाइल उडवली. अनेकांचे संगणक पुन्हा सुरूच होईनात. आता प्रश्न आभासी जहाजाचा उरला नाही, घरातल्या यंत्राचा झाला. कंपनीने जाहीर माफी मागून दुरुस्तीची पद्धत सांगितली.

त्याहून मोठे प्रकरण शिकागोचे. २२ जुलै २०१७ रोजी तिथल्या ग्रँट पार्कमध्ये ‘पोकेमॉन गो फेस्ट’ भरला. तिकीट २० डॉलर, गर्दी सुमारे वीस हजारांची. लोक विमानाने, हॉटेल घेऊन आले होते. मोबाइल नेटवर्क कोलमडले, सर्व्हरवरचे लॉगिन अडले आणि बहुतेकांना गेम उघडताच येईना. नायँटिक कंपनीने तिकिटाचे पैसे, १०० डॉलरची गेममधली नाणी आणि ‘लुगिया’ हा दुर्मीळ पोकेमॉन देऊ केला. पण विमानभाडे? त्यासाठी ग्राहक न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख ७५ हजार डॉलरची तडजोड केली. भरपाई प्रवास आणि निवासखर्चासाठी होती, आणि त्या दिवशी खेळाडूने उद्यानात गेममध्ये हजेरी लावल्याची नोंद असणे आवश्यक होते. इथेही शेवटी लॉगच कामी आला, फक्त या वेळी खेळाडूच्या बाजूने.

वस्तू खेळाडूची की कंपनीची?

गेम सुरू करताना ‘मान्य आहे’ असे दाबून पुढे गेलेल्या करारात बहुतेक वेळा लिहिलेले असते, की गेममधले चलन, पोशाख, शस्त्रे ही खेळाडूची मालमत्ता नाही. त्याला ती वापरण्याचा मर्यादित परवाना दिलेला आहे आणि कंपनी तो बदलू किंवा काढून घेऊ शकते. सेवा ‘जशी आहे तशी’ दिली जाते, बिघाडाची हमी नाही, असेही कलम असते. वस्तू खेळाडूची नसेल तर ती हरवल्याने त्याचे नुकसान झालेच नाही, असा हा युक्तिवाद.

तो सर्वत्र चालत नाही. चीनमध्ये २००३ साली ‘होंगयुए’ या गेमच्या एका खेळाडूची जमवलेली आभासी शस्त्रे चोरीला गेली. त्याने दोन वर्षे आणि सुमारे दहा हजार युआन त्यात घातले होते. कंपनीचे म्हणणे होते, की हा केवळ संगणकातला डेटा आहे. बीजिंगच्या न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये निकाल दिला, की सर्व्हरच्या प्रोग्रॅममधल्या त्रुटींमुळे चोरी सोपी झाली, तेव्हा कंपनीने शस्त्रे परत करावीत. पुढे चीनच्या नागरी संहितेत १ जानेवारी २०२१ पासून आभासी मालमत्तेच्या संरक्षणाचा उल्लेख आला.

युरोपीय संघाचा २०२२ पासून लागू झालेला डिजिटल आशयाचा नियम आणखी पुढे जातो. सेवा सांगितल्याप्रमाणे चालत नसेल तर ती दुरुस्त करून मिळण्याचा, किंमत कमी करून घेण्याचा किंवा करार मोडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पैसे न देता वैयक्तिक माहिती दिली असली, तरीही या नियमाचे संरक्षण मिळू शकते. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष डिजिटल आशयाने ग्राहकाचे यंत्र बिघडले तर दुरुस्ती किंवा भरपाईची तरतूद आहे. २००७ मध्ये ती असती तर ‘बूट डॉट आयएनआय’चा किस्सा तिथे वेगळा संपला असता. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून वेगळी वाट धरली. केवळ परवाना देत असाल, तर ते ग्राहकाला स्पष्ट न सांगता ‘खरेदी करा’ असा शब्द वापरायचा नाही.

दक्षिण कोरियातले ‘मेपलस्टोरी’चे प्रकरण बगचे नव्हते, तरी ते इथे सांगायला हवे. खेळाडू पैसे देऊन वस्तूचे गुण बदलत होते, पण हव्या असलेल्या काही जोड्या मिळण्याची शक्यता नेक्सॉन कंपनीने न सांगता शून्यावर आणली होती. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. नंतर ग्राहक संस्थेच्या मध्यस्थीने सुमारे ८ लाख खेळाडूंना २१.९ अब्ज वॉनची भरपाई ठरली. बाहेरून कोणी कोड तपासायला लागले, की परवान्याचा युक्तिवाद किती लटका पडतो, ते यात दिसले.

भारतात दाद कुठे मागायची?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर आहे. त्यावर बंदी आली. ई-स्पोर्ट्स आणि साध्या सामाजिक गेमना मोकळीक राहिली. साध्या गेममध्ये बगने गेलेल्या वस्तूंसाठी मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच मुख्य आधार.

या कायद्यातला पहिलाच अडथळा असा, की मोफत दिलेली सेवा त्याच्या व्याख्येत ‘सेवा’ नाही. एकही रुपया न देता खेळणाऱ्याचे पात्र पुसले गेले, तर त्याची केस उभी राहणे कठीण. गेममध्ये काही विकत घेतले असेल तर चित्र बदलते. तिथे मोबदला दिलेला आहे, म्हणून सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. जिल्हा आयोगाकडे तक्रार स्वतःच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणाहून करता येते. कंपनी सोलमध्ये असो वा सिंगापूरमध्ये. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहण्यात काही जात नाही.

करारात वाद लवादाकडेच नेण्याची अट असली, म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एका घरखरेदीच्या वादात हे स्पष्ट केले आहे. करारच एकतर्फी, अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल, तर मात्र जिल्हा नव्हे, राज्य आयोगाकडे जावे लागते. २९९ रुपयांच्या पोशाखासाठी कोणी तिथवर जाईल का, हा प्रश्न उरतोच. कंपन्यांनाही तो ठाऊक असतो. एकसारख्या तक्रारी असलेल्या अनेकांनी मिळून एकत्र जाण्याची सोय कायद्यात आहे, पण गेम खेळणाऱ्यांनी ती अजून फारशी हाताळलेली नाही.

घालवलेल्या तासांचे काय? तलवारीची किंमत पावतीवर असते, ती मिळवायला जागलेल्या रात्रींची नसते. मानसिक त्रासाची भरपाई आयोग देऊ शकतो, पण तो आयोगाच्या अखत्यारीतला अंदाज असतो, हिशेब नव्हे.

तक्रारीआधी हाताशी काय असावे?

नुकसान कुठे झाले हे आधी ओळखावे, कारण दार त्यावर ठरते. पैसे कापले गेले पण दुकानदाराला ते पोहोचल्याची खातरजमा झाली नाही, तर तो गेमचा बग नव्हे, पेमेंटचा बिघाड आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशा यूपीआय व्यवहारात रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही मागणी बँकेकडे करायची, गेमकडे नाही.

पैसे पोहोचले पण वस्तू मिळाली नाही, तर आधी ॲप स्टोअर. गुगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती थेट गुगलकडे करता येते. त्यानंतर गुगल सहसा गेमच्या कंपनीकडे पाठवते. आयफोनवर ॲपलच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या पानावर अर्ज करता येतो.

वस्तू मिळाली होती आणि नंतर बगने गेली, तर गेमच्या आतल्या मदत-विभागात लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण करायचे असते. हे नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. तक्रारीत खेळाडूचा आयडी, ॲपची आवृत्ती, तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ असावी. लॉग शोधणाऱ्याला ‘काल रात्री कधीतरी’ याचा उपयोग नसतो. पडद्याचे चित्रण असेल तर उत्तमच. बिघाडाच्या वेळी खेळ पुढे रेटत राहू नये, कारण नंतरच्या व्यवहारांत मूळ नोंद शोधणे अवघड जाते. आणि बगने चुकून जास्त सोने आले असेल, तर ते खर्च करण्यापूर्वी ‘डायब्लो ३’मध्ये गोठवलेली खाती आठवावीत.

ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तोवर गेमच बंद पडला, तर सर्व्हरवरचे लॉगही त्याच्यासोबत जातात. उरतात ते खेळाडूच्या मोबाइलमधले स्क्रीनशॉट आणि ईमेलवर आलेल्या पावत्या.